आठवणींचा घोट : गटाच्या सरबताची एक मिनिटाची फिल्म



उन्हाळ्याचा माल तयार झाला की आपल्या बहुतेक गटांपुढे तोच प्रश्न येतो. सरबत चांगलं आहे, चव घेतली की माणूस बाटली घेतोच. पण चव घ्यायला तो आपल्या टेबलापर्यंत यायला हवा ना! महालक्ष्मी सरसला, तालुक्याच्या प्रदर्शनाला किंवा आठवडी बाजारात गिऱ्हाईक समोर असतं. छोट्या कपात दोन घोट दिले की काम होतं. मोबाईलवर मात्र घोट देता येत नाही. तिथे गिऱ्हाइकाला द्यायला आपल्याकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे आठवण.

या पाठात आपण लहानपणीच्या पेयाची आठवण सांगणारी छोटी जाहिरात फिल्म कशी करायची ते शिकू. एक मिनिटाची, आपल्याच मोबाईलवर, आपल्याच माणसांची. उदाहरण कोकम सरबताचं घेतलं आहे. तुमच्याकडे कैरीचं पन्हं, आवळा सरबत, लिंबाचं सिरप किंवा नाचणीची आंबील असेल तर तिथे ते नाव घाला. रीत तीच.

आधी दोन जाहिराती पाहू

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी किंवा शेजारी 1980च्या दशकात टीव्ही होता, त्यांना रसनाची जाहिरात आठवत असेल. अहमदाबादच्या अरीझ खंबाटा यांचा हा उद्योग. 2022 साली ते गेले आणि 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्या जाहिरातीत दोनच गोष्टी होत्या. एक, हातात ग्लास घेतलेली गोड छोटी मुलगी. दुसरी, साधा हिशोब : पाच रुपयांच्या पाकिटात 32 ग्लास. म्हणजे ग्लासाला जेमतेम 16 पैसे. साखर आणि पाणी अर्थात घरचंच. पण घरी चार पाहुणे आले तर काय द्यायचं, या आईच्या काळजीचं उत्तर त्या हिशोबात होतं. म्हणून ती जाहिरात घराघरांत बसली. त्या वेळी ती आठवणींची जाहिरात नव्हतीच, ती त्या दिवसाच्या गरजेची होती. वर्षं गेली, ती पोरं मोठी झाली आणि आता ती जाहिरातच त्यांच्या लहानपणाची आठवण होऊन बसली आहे.

दुसरं उदाहरण पेपर बोटचं. हेक्टर बेव्हरेजेस या कंपनीने 2013 मध्ये हे नाव बाजारात आणलं. पाकिटात काय? आम पन्ना, जलजीरा, आमरस, कोकम. म्हणजे आपल्या आज्या वर्षानुवर्षं करत आल्या तेच. कंपनीने सुरुवातीपासून आपली ओळखच 'पेयं आणि आठवणी' अशी ठेवली. त्यांच्या एका गाजलेल्या फिल्मला गुलजार यांचा आवाज होता आणि 'मालगुडी डेज' मालिकेची जुनी धून होती. फिल्म पाहणाऱ्याला पेयाच्या आधी आपली उन्हाळ्याची सुट्टी आठवायची, आणि मग तो दुकानात जाऊन पाकीट शोधायचा.

आता यात आपल्यासाठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे. शहरातल्या कंपनीला आठवण शोधावी लागते, लिहून घ्यावी लागते, चांगल्या आवाजात सांगून घ्यावी लागते. आपल्याकडे ती आठवण आहेच. रातांबे फोडणारे हात आपले आहेत, बरणीही आपलीच आहे. तरी आपण बाटलीवर फक्त नाव आणि किंमत लिहितो आणि गप्प बसतो. माल आपलाही चांगला असतो, पण गोष्ट सांगायची राहून जाते.

आठवणीच्या जाहिरातीत कोण दिसत नाही?

जुन्या आठवणींच्या जाहिराती एका बैठकीत ओळीने पाहा. साधारण काय दिसतं? सुट्टी लागलेली मुलं, झाडावर चढणारा मुलगा, गोटी सोड्याची बाटली, बर्फाचा गोळा, पावसातली होडी. सगळं गोड. त्यात एक माणूस बहुधा दिसत नाही, किंवा दिसलंच तर फक्त हसत ट्रे घेऊन येतं. सरबत करणारी बाई.

मुलांना आठवतो तो ग्लास हातात आला तो क्षण. त्याच्या आधीचं आपल्याला माहीत असतं. एप्रिल-मे मध्ये रातांबे पिकतात, पावसाच्या आधी सगळं आवरायला लागतं. वळवाची एक सर आली तर वाळत घातलेली आमसुलं भिजतात. फळं धुवायची, फोडायची, बिया वेगळ्या करायच्या, सालीच्या वाट्यांत साखर भरायची, बरणीत थर लावायचे, बरणी उन्हाला ठेवायची, रोज हलवायची. बिया वाळवून ठेवायच्या, पुढे त्यांचं कोकमतेल काढायचं. महिनाभर बोटं आणि नखं लाल-जांभळी. हे सगळं केलेल्या बाईला सरबत कधी मिळायचं? सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर.

आपल्या फिल्मचं वेगळेपण इथेच आहे. पिणाऱ्याची आठवण कुणीही सांगेल. करणारीची आठवण आपणच सांगू शकतो. आणि ती सांगितली तर पाहणाऱ्या प्रत्येकाला आपली आई, आजी, मावशी, आत्या आठवते. ते गोडही असतं आणि थोडं टोचतंही. टोचलेलं माणूस विसरत नाही.

जुनी आठवण जपायची आणि त्यातलं चुकलेलं दुरुस्तही करायचं, हे जमतं. कॅडबरी चॉकलेटची 1990च्या दशकातली क्रिकेटची जाहिरात अनेकांना आठवते. मुलगा षटकार मारतो आणि त्याची मैत्रीण नाचत मैदानात धावते. 2021 मध्ये कंपनीने तीच जाहिरात पुन्हा केली. या वेळी मैदानावर खेळणारी मुलगी होती आणि तिच्यासाठी नाचत येणारा मुलगा. बाकी जवळजवळ सगळं तसंच. लोकांना जुनंही भेटलं आणि नवंही. आपल्या फिल्ममध्ये आपणही एवढंच करायचं : जुनं घर, जुनी बरणी, जुनी चव, फक्त पहिला पेला यंदा तिच्या हातात.

पायरी 1 : बैठकीत आठवण शोधा

मासिक बैठकीत बचत-कर्जाचं काम झालं की अर्धा तास काढा. गोल बसा. वयाने मोठ्या बायकांना आधी बोलू द्या. हे प्रश्न विचारा :

- तुमच्या लहानपणी हे पेय घरी कधी व्हायचं? कुणासाठी व्हायचं?
- कुठल्या भांड्यात व्हायचं? कशाने ढवळायचं? कुठे ठेवायचं?
- पहिला पेला कुणाला मिळायचा? शेवटचा कुणाला?
- कधी सरबत संपलं आणि तुम्हाला मिळालं नाही, असं झालं का?
- तेव्हाची एक चूक, एक ओरडा, एक चोरी आठवते का? (बरणीत बोट घालणं ही चोरीच!)

प्रत्येकीचं बोलणं तिच्या परवानगीने मोबाईलवर रेकॉर्ड करा. नंतर ऐकताना एकच गोष्ट शोधा : कुठल्या वाक्याला सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या किंवा एकदम हसल्या? तेच वाक्य तुमच्या फिल्मचं बी.

एक काळजी घ्या. 'आमचं लहानपण किती छान होतं' असं वाक्य आलं तर तिथे थांबू नका. छान म्हणजे काय, ते विचारा. 'पितळी तांब्यात सरबत असायचं आणि तांब्याला बाहेरून पाण्याचे थेंब यायचे' असं काही मिळेपर्यंत विचारत राहा. तांब्याचे थेंब कॅमेऱ्यात दिसतात. 'छान' दिसत नाही.

आणि आठवण खरी असू द्या. आपल्या गावात कधीच नसलेली चूल, भाड्याने आणलेली नऊवारी, उगाच मांडलेलं जातं, असलं काही नको. आपल्याला ओळखणारी माणसं हसतील आणि न ओळखणाऱ्यांनाही काहीतरी खोटं आहे ते कळेल.

पायरी 2 : गोष्ट कागदावर लिहा

एक मिनिट म्हणजे 60 सेकंद. त्यात आठ-नऊ दृश्यं बसतात. कागदाचे दोन भाग करा. डावीकडे काय दिसेल ते, उजवीकडे काय ऐकू येईल ते. खाली एक नमुना दिला आहे. तो उतरवून घ्यायला दिलेला नाही, आकार कळावा म्हणून दिला आहे. यातलं वाक्य तुमच्या गटात खरं असेल तरच वापरा.

1. (5 सेकंद) टोपलीत पिकलेले रातांबे. आवाज : 'मे महिन्यात आमच्याकडे मुंबईची मुलं यायची.'
2. (6 सेकंद) दोन हात रातांबा फोडतात, बिया बाजूला पडतात. फोडल्याचा आवाज तसाच ऐकू येतो.
3. (6 सेकंद) सालीच्या वाट्यांत साखर, बरणीत थर. आवाज : 'दुपारी सगळ्यांना सरबत मिळायचं.'
4. (6 सेकंद) तोंडाला फडकं बांधलेली बरणी उन्हात. आवाज : 'आई ते करायची.'
5. (6 सेकंद) ट्रेमध्ये भरलेले पेले. एकेक हात येतो, एकेक पेला उचलला जातो.
6. (7 सेकंद) रिकामा ट्रे. आवाज : 'आई कधी प्यायली, ते मला आठवत नाही.'
7. (8 सेकंद) वयस्क बाईचे लाल बोटांचे हात मांडीवर. कुणीतरी त्या हातांत पेला ठेवतं. आवाज नाही.
8. (8 सेकंद) ती घोट घेते. आवाज : 'यंदा पहिला पेला तिचा.'
9. (8 सेकंद) बाटली, गटाचं नाव, गाव, वजन, किंमत, फोन.

बघा, संपूर्ण फिल्ममध्ये बोललेली वाक्यं फक्त पाच. बाटली शेवटी एकदाच येते. 'आमचं सरबत सर्वोत्तम' असं कुठेही म्हटलेलं नाही, तरी सातव्या दृश्यानंतर त्या पेल्याची चव बघावीशी वाटते.

हसऱ्या गोष्टीचीही फिल्म होते. बरणीत बोट घालून पकडल्या गेलेल्या मुलीची, रंगलेल्या जिभेमुळे उघड झालेल्या चोरीची. तुमच्या गटाला जे शोभेल ते निवडा.

पायरी 3 : शूटिंग

खर्च करायचा नाही. ज्या ताईच्या मोबाईलचा कॅमेरा बरा आहे तो मोबाईल, एक स्टूल आणि दोन माणसं पुरतात.

*आधी काच पुसा.* मोबाईलच्या कॅमेऱ्यावर पीठ, तेल, घाम असतो. स्वच्छ मऊ सुती कापडाने पुसा. अर्धी धूसर फिल्म एवढ्यानेच सुधारते.

*उजेड.* सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर शूटिंग करा. भर दुपारी तोंडावर काळ्या सावल्या पडतात. घरात करायचं तर दारा-खिडकीजवळ, बाईचं तोंड उजेडाकडे. सरबताच्या पेल्याचं मात्र उलटं : उजेड पेल्याच्या मागून येऊ द्या. मग कोकमाचा लाल रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. पेला काचेचा हवा, स्टीलचा घेतला तर हा रंग दिसणार नाही.

*मोबाईल हलू देऊ नका.* स्टुलावर, डब्यावर, विटेवर टेकवून ठेवा. चालत चालत शूटिंग नको. झूम करायचं नाही, जवळ जायचं. प्रत्येक दृश्य दहा सेकंद घ्या, म्हणजे नंतर कापताना सहा चांगले सेकंद मिळतात.

*फोकस.* जे दाखवायचं त्यावर पडद्यावर बोट ठेवून दाबून धरा. बहुतेक मोबाईलमध्ये फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतो.

*आडवा की उभा?* फिल्म स्टेटस आणि रील्सवर जाणार असेल तर मोबाईल उभा धरा. प्रदर्शनातल्या टीव्हीवर लावायची असेल तर आडवा. मध्येच बदलू नका.

*फोन येईल!* विमान मोड चालू करा. नाहीतर चांगलं दृश्य चालू असतानाच कुणाचा तरी फोन येतो.

*हंगामात करा.* रातांबे हंगामातच मिळतात. सरबत विकायला ऑगस्टमध्ये फिल्म हवी असली तरी फोडण्याची, भरण्याची दृश्यं हंगामातच घेऊन ठेवा. काम थांबवून नाटक करण्यापेक्षा काम चालू असतानाच घेतलेलं दृश्य खरं दिसतं. डोक्याला टोपी, स्वच्छ हात, स्वच्छ भांडी हे नेहमीसारखं असू द्या. गिऱ्हाईक तेही बघतं.

*मुलं.* लहानपणाची फिल्म म्हणजे लहान मुलगी हवीच असं वाटतं. नको. जाहिरातीत लहान मुलांकडून काम करून घ्यायला बालकामगार कायद्याचे नियम लागतात, त्यात जिल्हा प्रशासनाची परवानगी येते, तासांची मर्यादा येते. शिवाय पोरीचा चेहरा एकदा मोबाईलवर फिरायला लागला की आपल्या हातात राहत नाही. वरच्या नमुन्यात एकही मूल नाही, तरी लहानपण आहे. ते आवाजात आहे.

*चेहरा.* प्रत्येक बाईला विचारा. काहीजणींना तोंड दाखवायचं नसतं, घरी चालत नाही, किंवा नको वाटतं. हात दाखवा, पाठ दाखवा. कष्टाची गोष्ट हात जास्त चांगली सांगतात. कुणाकुणाचं शूटिंग झालं आणि त्यांची संमती आहे, हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून सह्या घ्या.

पायरी 4 : आवाज

वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून बोलणं वेगळं रेकॉर्ड करा. खोली बंद, पंखा बंद, खिडकीवर आणि दारावर गोधडी टाका. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब. वाचून दाखवू नका, शेजारणीला सांगता तसं सांगा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, जी बोली घरात आहे तीच येऊ द्या. पुस्तकी मराठीत सांगितलेली आईची आठवण उसनी वाटते.

सिनेमातलं गाणं लावायचा मोह होतो. टाळा. गाण्यावर संगीत कंपनीचा हक्क असतो, 1957 चा कॉपीराइट कायदा तेच सांगतो. माल विकायला परवानगीशिवाय गाणं वापरलं तर फिल्मचा आवाज बंद होऊ शकतो, फिल्म काढली जाऊ शकते, पैशांची मागणीही येऊ शकते. मोठी कंपनी धुनेचे पैसे मोजते. आपल्याकडे त्याहून चांगलं आहे : पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज, आणि आपल्याच गटातल्या मावशीने आपल्या गळ्यातून म्हटलेली पारंपरिक जात्यावरची ओवी.

बऱ्याचजणी स्टेटस आवाज बंद ठेवून बघतात. म्हणून बोललेली वाक्यं खाली मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा.

पायरी 5 : काय बोलायचं नाही

हा भाग नीट वाचा, कारण इथे आठवणीचा आणि कायद्याचा संबंध येतो.

कोकमाने पित्त जातं, वजन उतरतं, साखर कमी होते, असं आपण घरात सहज बोलतो. जाहिरातीत ते बोलायचं नाही. अन्नपदार्थाने आजार बरा होतो असा दावा करायला बंदी आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिराती आणि दाव्यांसाठी 2018 चे वेगळे नियम आहेत. 'पारंपरिक', 'नैसर्गिक', 'अस्सल' हे शब्दसुद्धा मनाला येईल तसे वापरता येत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कृती आहे आणि ती मूळ रूपात तशीच आहे, असं दाखवता आलं तरच 'पारंपरिक' म्हणायचं.

हे नियम लहानांनाच आहेत असं समजू नका. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासकट अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका, कारण अन्न सुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरून '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढायला एफएसएसएआयने सांगितलं. किती तरी घरांत आईने विश्वासाने दुधात घातलेल्या पावडरीची आणि मुलांना दिलेल्या डब्यातल्या रसाची ही गोष्ट आहे. आठवणीवर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणूनच आठवण दाखवून विकणाऱ्याची जबाबदारी जास्त.

आपल्यापुरतं त्याचं उत्तर सोपं आहे. फिल्ममध्ये दिसतं ते बाटलीत असलं पाहिजे. फिल्ममध्ये रातांबे आणि साखर, आणि बाटलीत रंग, इसेन्स आणि भरपूर पाणी, असं झालं तर ती फिल्म करू नका, आधी सरबत सुधारा. टिकण्यासाठी काही घातलं असेल तर ते लेबलवर लिहा आणि फिल्ममध्ये 'काहीही घातलेलं नाही' असं म्हणू नका. आजीचं नाव घेऊन फसवलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि शेजारच्या गटाकडेही जात नाही.

पायरी 6 : शेवटचे आठ सेकंद

शेवटच्या दृश्यात एवढंच हवं : पेयाचं नाव, गटाचं नाव, गाव आणि तालुका, बाटलीचं माप, किंमत, फोन नंबर. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर बाटलीच्या लेबलवर दिसू द्या.

रसनाचा 32 ग्लासचा धडा इथे कामाला येतो. तुमच्या बाटलीत किती पेले होतात ते मोजा. समजा बाटली 700 मिलीची आहे आणि एका पेल्याला 30 मिली सिरप लागतं. म्हणजे साधारण 23 पेले. बाटली 180 रुपयांची असेल तर एक पेला आठ रुपयांच्या आत पडतो. 180 रुपये ऐकून मागे सरणारं गिऱ्हाईक 'पेला आठ रुपयांच्या आत' ऐकून थांबतं. पण मोजून लिहा. आधी गटात खरोखर पेले भरून पाहा, चव घ्या, मगच आकडा ठरवा.

फोन नंबर गटाचा द्या. कुठल्याही एका ताईचा, विशेषतः तरुण मुलीचा, स्वतःचा नंबर फिल्मवर टाकू नका. एकदा फिरलेला नंबर परत घेता येत नाही आणि रात्री-अपरात्री नको ते फोन येतात. गटाच्या नावाने वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा, आणि फोन कोणी कोणत्या वेळात उचलायचा ते ठरावात लिहा.

पाठवण्याआधी माल मोजा

फिल्म आवडली तर ती झपाट्याने पसरते. गटाकडे 40 बाटल्या आणि मागणी 200, असं झालं की मोह सुरू होतो : थोडं पाणी वाढवू, बाहेरून आणून आपलं लेबल लावू. असं केलं तर वर्षानुवर्षं कमावलेलं नाव एका उन्हाळ्यात जातं. म्हणून फिल्म पाठवण्याआधी शिल्लक बाटल्या मोजून नोंदवहीत लिहा. माल संपला की 'यंदाचं सरबत संपलं, पुढच्या मे महिन्यासाठी नाव नोंदवा' असा संदेश टाका. संपणं ही लाज नाही. हंगामाची वस्तू हंगामातच मिळते, हे गिऱ्हाइकालाही समजतं.

व्हॉट्सॲपवर फिल्म साधी पाठवली की ती धूसर होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर आहे तशी पोचते. आधी प्रभागसंघाच्या ग्रुपवर टाका, चुका कळतील. मग मुंबई-पुण्यातल्या आपल्याच गाववाल्यांना पाठवा. लहानपण गावात गेलेली ही माणसं आपलं पहिलं गिऱ्हाईक.

ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवा : 'कुठून कळलं?' फिल्म, ओळख, प्रदर्शन की दुकान. हंगाम संपल्यावर बेरीज करा. फिल्मने किती बाटल्या गेल्या ते कळलं तर पुढच्या वर्षी किती वेळ घालवायचा ते ठरवता येईल.

पुढच्या बैठकीचा अभ्यास

1. गटातल्या सर्वांत मोठ्या तीन बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करा.
2. त्यातली एक निवडून नऊ दृश्यं कागदावर लिहा. वाक्यं सहाच्या आत ठेवा.
3. बाटलीचे पेले मोजा आणि एका पेल्याची किंमत काढा.
4. लेबल आणि फिल्मचा कागद शेजारी ठेवून वाचा. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही असं काही असेल तर लाल पेनने खूण करा.
5. आणि फिल्म पूर्ण झाली की ती आधी त्यांनाच दाखवा, ज्यांची आठवण तुम्ही घेतली आहे. त्या म्हणाल्या 'हो, असंच होतं', तर बाहेर पाठवा. त्या म्हणाल्या 'असं नव्हतं गं', तर पुन्हा बसा आणि पुन्हा विचारा.

त्या दिवशी बैठकीला सरबत करा. पहिला पेला कुणाला द्यायचा, ते आता सांगायला नको.